हात वर करणारी बाई

हात वर करणं म्हणजे खरं तर अंग काढून घेणं. काम गळ्यात पडायची चिन्हं दिसली की माणूस हात वर करतो आणि मोकळा होतो. ब्रेकबाईंचं मात्र उलटं झालं. एका रविवारी सकाळी त्यांनी हात वर केला आणि त्या कायमच्या अडकल्या.

ब्रेकबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. त्या मोटार शिकवायच्या. एक जुनी पांढरी गाडी, टपावर लाल अक्षरांची पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा क्लच आणि ब्रेक. शिकणारा भर चौकात गाडी बंद पाडून रडायला लागला, मागून दहा हॉर्न वाजायला लागले, तरी बाईंचा आवाज चढायचा नाही. "न्यूट्रलला टाक. श्वास घे. आता चावी फिरव," एवढंच. बाकी सगळं त्यांचा उजवा पाय बघून घ्यायचा. त्यावरूनच शिकायला येणाऱ्या पोरापोरींनी हे नाव पाडलं आणि ते इतकं रुळलं की किराणा दुकानदारसुद्धा पिशवीवर तेच लिहून ठेवायचा. त्यांचे यजमान वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, "घरातही हिच्या पायाखाली ब्रेक आहे. फक्त मला अजून सापडला नाही."

मुलगी एकच. लहानपणी उन्हाळी शिबिरात पोहायला घातली आणि ती पाण्यालाच चिकटली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय असे झाडायची की बापाने तिचं नाव बेडकी ठेवलं. एरवी कुणी बेडकी म्हटलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं, पण बाबांनी म्हटलेलं तिला चालायचं.

तर तो रविवार. बेडकीची पहिलीच स्पर्धा. तलावाच्या एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्यांवर आईबाप दाटीवाटीने बसलेले, मांडीवर टॉवेल, डबे, थर्मास. क्लोरीनच्या वासाने डोळे चुरचुरत होते. खाली ओल्या फरशीवर पोरं टोप्या घालून कुडकुडत उभी. तेवढ्यात मुख्य पंच माइक घेऊन पुढे आले. हे गृहस्थ एरवी औषधांचं दुकान चालवायचे, पण गळ्यातली शिट्टी दुकानातही काढायचे नाहीत, म्हणून सगळे त्यांना शिट्टीकाका म्हणायचे.

"दोन लेनना वेळ घ्यायला माणसं नाहीत," शिट्टीकाका म्हणाले. "पालकांपैकी दोघं खाली आले तर स्पर्धा सुरू होईल. नाही आले तर होणार नाही. मी काही चार हातांचा नाही."

एकदम सगळ्यांच्या फोनवर महत्त्वाचं काहीतरी आलं. एकाच्या बुटाची नाडी सुटली. एका आईने पर्समध्ये इतकं खोल डोकं घातलं की ती आत उतरते की काय असं वाटावं. ब्रेकबाईंना नुसतं बसून राहणं मुळातच जमत नसे. त्यात ती पोरं कुडकुडत होती. त्यांनी हात वर केला.

यजमान दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, तुला पोहता तरी येतं का?"

"तुम्हाला फ्रिजमध्ये राहता येतं का? दुरुस्त करताच ना?" बाई म्हणाल्या आणि चपला हातात घेऊन खाली उतरल्या.

त्यांना एक स्टॉपवॉच मिळालं आणि तिसरी लेन मिळाली. काम साधं होतं. सुरुवातीचा दिवा चमकला की बटण दाबायचं, पोहणाऱ्याचा हात भिंतीला लागला की परत दाबायचं. पण साधं काम नीट करायला किती लक्ष लागतं हे त्यांना गाडीमुळे ठाऊक होतं. पाण्याचे शिंतोडे तोंडावर उडत होते, साडीचा काठ ओला झाला होता, शेजारचे वेळ घेणारे गृहस्थ आपल्या पोरासाठी ओरडता ओरडता बटण दाबायलाच विसरले. बाईंची नजर मात्र तिसऱ्या लेनच्या भिंतीवरून हलली नाही.

दुपारी घरी जाताना बेडकीने गाडीत मागून विचारलं, "आई, शेवटी मी त्या लाल टोपीवालीला कसं मागे टाकलं, पाहिलंस ना?"

"नाही गं."

"म्हणजे? तू तिथेच तर होतीस! माझ्यापासून दोन हातांवर!"

"मी तिसऱ्या लेनची भिंत बघत होते. तू पाचवीत होतीस."

बेडकी फुरंगटून खिडकीबाहेर बघत बसली. बाईंनाही आतून चुटपुट लागली. पहिली स्पर्धा, आणि आईने पाहिलीच नाही! पण घर जवळ आलं तशी मागून पोरगीच म्हणाली, "बरंच झालं. बाकीच्यांच्या आया कसल्या किंचाळतात. तू उगाच माझ्याकडे बघत बसली असतीस तर माझं लक्ष तुझ्याकडे गेलं असतं."

"मग पुढच्या वेळी पण जाऊ का खाली?"

"जा. पण साडी नको. तू पडशील."

पुढच्या वेळी बाई पांढरा शर्ट, गडद पँट आणि रबरी तळव्यांचे बूट घालून आल्या. वर्षभरात शिट्टीकाकांनी त्यांच्या हातात नियमांचं पुस्तक दिलं, दोन रविवार वर्ग घेतला, परीक्षा घेतली, आणि त्यांना टर्नच्या पंचांत घेतलं. म्हणजे तलावाच्या टोकाला उभं राहायचं आणि पोरं भिंतीला हात लावून वळतात ती नियमाने वळतात का, ते पाहायचं. चूक दिसली की लगेच एक हात सरळ वर. मग मुख्य पंच येऊन विचारणार : काय पाहिलं, कुठून पाहिलं, कुठला नियम मोडला.

"आणि शंका आली तर?" बाईंनी वर्गात विचारलं होतं.

"शंका आली तर हात खाली," शिट्टीकाका म्हणाले होते. "शंकेचा फायदा पोराचा. आपण पकडायला उभे नाही, बघायला उभे आहोत."

हे वाक्य बाईंना फार आवडलं. तशी त्यांची नजर तयारच होती. शिकणाऱ्याचे डोळे आरशात, हात स्टिअरिंगवर, पाय क्लचवर, हे सगळं मान न वळवता बघायची त्यांना सवय. पाण्यातल्या हातापायांकडे बघणं त्यांना काही जड गेलं नाही. उलट मजा वाटायला लागली. घरी जेवताना त्या ताटाच्या कडेला दोन बोटं टेकवून यजमानांना समजावून सांगायच्या, "बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. असे. एक आधी, एक नंतर, तर बाद."

"आणि भाजी वाढताना?" यजमान विचारायचे. "दोन्ही हातांनी वाढायची असते का?"

बघण्यातली मजा पहिल्यांदा कडू झाली ती फरशीवाल्यांच्या मुलामुळे.

फरशीवाले म्हणजे गावातले बडे दुकानदार. निम्म्या गावाच्या न्हाणीघरात त्यांच्याच टाइल्स. मुलगा बटरफ्लायमध्ये पटाईत, अंगाने सडसडीत, पाण्यातून असा उसळायचा की पायऱ्यांवरचे लोक उभे राहायचे. त्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे होता. वळणावर आला, आणि भिंतीला उजवा हात लागला. फक्त उजवा. डावा पाण्यातच होता. बाई बरोबर त्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. त्यांचा हात वर गेला.

शर्यत संपली. मुलगा पहिला आला होता. पायऱ्यांवर टाळ्या चालू असतानाच माइकवरून आवाज आला की चौथ्या लेनचा स्पर्धक बाद आहे. टाळ्या तुटल्या. फरशीवाले पायऱ्या उतरून तरातरा खाली आले. ओल्या फरशीवर त्यांचे गुळगुळीत बूट दोनदा घसरले, त्याने राग आणखी वाढला.

"कोण ते? कुणी हात वर केला?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तुम्ही? अहो, तुम्ही गाड्या शिकवता ना? पाण्यातलं काय कळतं तुम्हाला? स्वतःची मुलगी मागे पडते म्हणून दुसऱ्याची पोरं पाडायची, हा धंदा आहे तुमचा?"

आजूबाजूचे सगळे बघायला लागले. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण आवाज तोच राहिला, चौकात गाडी बंद पडल्यावरचा. "तुमच्या मुलाचा एकच हात लागला. मी पाहिलं, म्हणून सांगितलं. तक्रार करायची तर मुख्य पंचांकडे करा, ते त्यांचं काम आहे. आणि माझं काम अजून संपलेलं नाही. पुढची शर्यत लागते आहे, तुम्ही कडेपासून मागे व्हा, नाहीतर पाण्यात पडाल."

शिट्टीकाकांनी फरशीवाल्यांना हाताला धरून बाजूला नेलं. तक्रार झाली, ती फेटाळली गेली. मधल्या सुट्टीत बाई मुद्दाम त्या मुलाला शोधत गेल्या. पोराला का बाद केलं हे त्याला नीट सांगितलं पाहिजे, असा त्यांचा स्वतःचा नियम होता. तो शॉवरच्या भिंतीला टेकून, टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता.

"बाळा, तुझा डावा हात—"

"माहीत आहे," टॉवेलच्या आतून आवाज आला. "मला तेव्हाच कळलं. अंदाज चुकला, भिंत जवळ आली."

"मग बाबांना सांगितलंस?"

टॉवेल हलला. नाही, असा हलला.

बापाला सांगायचं ओझं बाईंनी त्याच्यावर लादलं नाही. त्या परत आपल्या जागी गेल्या. पण संध्याकाळी वाहनतळावर फरशीवाले समोर आले, नजर टाळून गाडीचं दार उघडायला लागले, तेव्हा बाई सरळ त्यांच्यापाशी गेल्या.

"पुढच्या रविवारी सराव सामने आहेत. तुम्ही या. माझ्या शेजारी उभे राहा. मी काय बघते ते तुम्हीही बघा. मी खोटी आहे असं वाटलं तर तिथल्या तिथे सगळ्यांसमोर सांगा."

"येईन. सोडतो काय," फरशीवाले म्हणाले.

आणि ते आले. आले ते बाईंना उघडं पाडायलाच. घरून बूटही बदलून आले होते. पहिल्या दोन शर्यतींत त्यांना नुसतं फेसाळलेलं पाणी दिसलं. "यात काय दिसतं हो?" ते कुरकुरले. "पाण्याकडे बघू नका," बाई म्हणाल्या, "भिंतीवर नजर ठेवा. हात तिथेच येणार आहेत. हाताच्या मागे धावू नका, हाताची वाट बघा." तिसऱ्या शर्यतीत त्यांना हात दिसले. चौथीत एका छोट्या मुलीचा एकच तळवा भिंतीला लागताना दिसला आणि ते जवळजवळ ओरडले, "एक! एकच लागला!" बाईंचा हात तोपर्यंत वर गेलेला होता.

ती मुलगी पाण्यातून बाहेर आली आणि हुंदके देत आईकडे गेली. फरशीवाले तिच्याकडे बघतच राहिले.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले.

"वाटतंच. दर वेळी."

"मग का करता?"

"आज नाही सांगितलं तर मोठ्या स्पर्धेत कुणीतरी सांगेल. तेव्हा जास्त लागेल. आणि तिच्या शेजारच्या लेनमधली पोरगी दोन्ही हात लावते आहे, तिचं काय?"

फरशीवाले पुढची शर्यत भिंतीवरून नजर न हलवता बघत राहिले. घरी मुलगा आणि ते काय बोलले हे कुणाला कळलं नाही, पण पुढच्या महिन्यात ते पांढरा शर्ट घालून वेळ घ्यायला उभे होते, आणि पायऱ्यांवरून कुणी पंचांवर ओरडलं की सगळ्यात आधी तेच वळून डोळे वटारायचे. नवा मुल्ला मोठ्याने बांग देतो, म्हणून सगळे हसायचे. बाई हसल्या नाहीत. त्यांना एक चांगला माणूस मिळाला होता आणि माणसं सहज मिळत नाहीत हे त्या जाणून होत्या.

अशी पाच-सहा वर्षं गेली. बेडकी सोळा वर्षांची झाली, उंच झाली, आणि एके दिवशी आई तिला शाळेतून घरी आणत असताना गाडीत वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारत बसली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने समोर बघत एका दमात सांगून टाकलं.

"आई, मला आता पोहायचं नाही. म्हणजे स्पर्धा नाही. मला चित्रकलेच्या वर्गाला जायचंय. सकाळी तलावावर जायचं म्हटलं की उठावंसंच वाटत नाही. मी खूप दिवस सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझ्यामुळे. तुझं सगळं तिथेच आहे. मी सोडलं तर तुझं पण सुटेल, असं वाटलं."

मागून हॉर्न वाजला. सिग्नल हिरवा झाला होता आणि गाडी शिकवणाऱ्या बाईंना ते दिसलंच नव्हतं. त्यांनी गाडी पुढे घेतली, कडेला लावली आणि बंद केली. काहीतरी टोचलं होतं खरं. पोरगी इतके दिवस आपल्यासाठी पाण्यात उतरत होती आणि आपल्याला पत्ता नाही! आठ लेनमधले सगळे हातपाय बघणाऱ्या बाईला घरातलं एवढं दिसलं नाही!

"हे बघ," त्या शेवटी म्हणाल्या, "तू पोहत होतीस ते तुझं. मी उभी राहते ते माझं. तुझं तू सोड. खुशाल सोड. माझी काळजी तू वाहायची नाहीस, अजून माझे दात शाबूत आहेत."

बेडकी हसली आणि हसता हसता रडायला लागली. घरी यजमानांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आता रविवारी आपण उशिरापर्यंत झोपायचं?" त्यांचा आवाज फारच आशेचा होता.

रविवार उजाडला. बेडकी पाणी प्यायला उठली तर आई स्वयंपाकघरात पांढरा शर्ट इस्त्री करत होती.

"आई, मी नाहीये आज."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी आहे."

त्याच वर्षी विभागीय स्पर्धा आल्या. मोठा तलाव, भिंतीवर विजेवर चालणारा फलक, लांबून आलेले संघ. पंचांच्या खोलीत चहा घेताना एका अनोळखी बाईंनी सहज विचारलं, "तुमची मुलगी कुठल्या लेनला?"

"कुठल्याच नाही," ब्रेकबाई म्हणाल्या. समोरच्या बाईंना वाटलं, मुलगी आजारी असेल, म्हणून त्यांनी काळजीने जीभ चावली. समजावत बसायला वेळ नव्हता.

आणि त्याच दिवशी बाईंच्या हातून चूक झाली.

मुलींची ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम शर्यत होती. बाई लांबच्या टोकाला उभ्या होत्या. त्या टोकावरून लेन उलट्या मोजाव्या लागतात, सुरुवातीच्या टोकाला उजवीकडची पहिली लेन इथून डावीकडे येते. बाईंना त्याची सवय होती. पण पाचव्या आणि सहाव्या लेनमधल्या मुली एकाच वेळी भिंतीशी आल्या, दोघींच्या टोप्या निळ्या, पाण्याचा एकच लोट उसळला, आणि त्यात एकीने वळताना हात मागेपुढे लावले. बाईंनी ते स्वच्छ पाहिलं. हात वर गेला.

"कुठली लेन?" शिट्टीकाका आले. मोठ्या स्पर्धेतही मुख्य पंच तेच होते.

"पाच. हात एकत्र लागले नाहीत."

निरोप गेला. शर्यत संपल्यावर पाचव्या लेनच्या मुलीला तिच्या प्रशिक्षकाने काठावरच सांगितलं आणि ती गॉगल धरून तिथेच खाली बसली. शिट्टीकाका नेहमीच्या रीतीने बाईंना म्हणाले, "परत एकदा सांगा. नक्की पाच?"

बाईंनी डोळ्यासमोर ते दृश्य परत आणलं. पाण्याचा लोट. दोन निळ्या टोप्या. भिंतीवरचा एक तळवा. तो तळवा दोरीच्या या बाजूला होता, की त्या? त्यांनी परत आठवून पाहिलं. मगाशी जे लख्ख दिसलं होतं, ते आता हलायला लागलं. चूक झाली होती यात शंका नव्हती. कुणाची, यात होती.

दोन शब्द सांगून मोकळं होता आलं असतं. "हो, पाच." कुणीही पुढे विचारलं नसतं.

"काका," त्या म्हणाल्या, "मला खात्री नाही. सहा असू शकेल. मी माझा निर्णय मागे घेते."

शिट्टीकाकांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "सहाव्या लेनवर द्यायचा?"

"नाही. दोघींपैकी कुणावरच देता येणार नाही."

"मग एक चूक तशीच सुटते आहे, हे कळतंय ना?"

"कळतंय."

काकांनी मान हलवली आणि निर्णय रद्द केला. बाई मात्र तिथे थांबल्या नाहीत. तलावाला वळसा घालून त्या सरळ पाचव्या लेनच्या मुलीपाशी गेल्या आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "तू बाद नाहीस. तुझी काही चूक नाही. घोटाळा माझा झाला. तुला उगाच रडवलं, त्याबद्दल माफ कर." मुलीने सुजलेल्या डोळ्यांनी बघितलं आणि नुसती मान डोलावली. तिचे प्रशिक्षक मात्र सोडणारे नव्हते. "पंचांना आकडे येतात ना मोजता?" ते आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. दोघंचौघं हसले.

"येतात," बाई म्हणाल्या. "म्हणूनच चुकलेलं कळलं."

पदकं दिली गेली. सहाव्या लेनच्या मुलीच्या गळ्यात रौप्यपदक पडलं. कदाचित तिच्या हक्काचं, कदाचित नाही. ते पदक पुढे कित्येक दिवस बाईंच्या डोळ्यांसमोर लोंबकळत राहिलं. भांडी घासताना, गिअर बदलताना, कधीही.

पण ते नंतरचं. त्या वेळी शिट्टीकाका हळूच जवळ येऊन म्हणाले, "पुढच्या दोन शर्यती बसता का जरा? फरशीवाल्यांना उभं करतो."

"नको. आत्ता बसले तर परत उठणार नाही मी. शिकाऊ माणूस चौकात गाडी बंद पाडतो ना, त्याला मी कधी शेजारच्या सीटवर घेत नाही. चावी त्यानेच फिरवायची."

त्या परत त्याच टोकाला गेल्या. पुढची शर्यत सुरू व्हायच्या आत त्यांनी बोटाने, उघडउघड, सगळ्यांना दिसेल अशा लेन मोजल्या. कुणी हसलं असेल तर हसो. तेव्हापासून ती त्यांची रीतच झाली, आणि पुढे त्यांच्या हाताखाली तयार झालेले सगळे पंच तसंच मोजायचे. नव्या लोकांना वाटायचं, हा नियमच आहे.

शिट्टीकाकांचे गुडघे दोन वर्षांनी पार गेले. ओल्या फरशीवर दिवसभर उभं राहणं होईना. त्यांनी समितीला सांगितलं की मुख्य पंच ब्रेकबाई होतील. समितीतले एकजण म्हणाले, "पण त्यांची ती विभागीयची भानगड झाली होती ना?" शिट्टीकाका म्हणाले, "झाली होती. म्हणूनच." पुढे चर्चा झाली नाही.

मुख्य पंच म्हणून बाईंचा पहिला दिवस म्हणजे सगळ्यात लहान मुलांच्या स्पर्धा. बेडकी तेव्हा कॉलेजात होती, ती खास बघायला आली. बाबांच्या शेजारी पायऱ्यांवर बसून चित्रांची वही काढून पंचांचे पांढरे शर्ट आणि ओले बूट रेखाटत होती. खाली फरशीवाले शर्यत सुरू करून देणारे पंच होते. बाईंनी लांब शिट्टी वाजवली, चिमुरडी पोरं उडी मारायच्या ब्लॉकवर चढली, फरशीवाल्यांनी "तयार" म्हटलं, आणि भोंगा वाजला.

फ्रीस्टाइलची एकच फेरी. सात जणी सुसाट गेल्या. आठव्या लेनमधली छोटी अर्ध्यावर आली आणि थांबली. गॉगलमध्ये पाणी गेलं होतं. तिने पाय तळाला टेकवले आणि छातीभर पाण्यात सरळ उभी राहिली.

पायऱ्यांवर हळहळ झाली. "गेली, बाद झाली." कुणीतरी ओरडलं, "अगं, बाहेर ये!" एक स्वयंसेवक काठी घेऊन पुढे निघालाच होता, बाईंनी तळवा दाखवून त्याला जागीच थांबवलं. बाकीच्या सात जणी पोहोचून भिंतीला लोंबकळत होत्या. पुढची तुकडी ब्लॉकमागे चुळबुळत होती. फरशीवाल्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली : थांबू या.

त्या काठाकाठाने चालत छोटीच्या समोर गेल्या. मदत करता येत नव्हती, हात देता येत नव्हता. पण फ्रीस्टाइलमध्ये तळाला उभं राहिलं म्हणून कुणी बाद होत नाही. चालायचं नाही, एवढंच. पुस्तक लिहिणाऱ्यांनी ही माणुसकी आधीच लिहून ठेवली होती, ती फक्त वापरायची होती.

"मी बाद?" छोटीने विचारलं. ओठ थरथरत होते.

"नाहीस. शर्यत चालू आहे तुझी."

छोटीने इकडेतिकडे बघितलं. सगळा तलाव तिच्यासाठी थांबला होता, हे तिच्या लक्षात आलं. तिने सावकाश गॉगल काढला, त्यातलं पाणी ओतलं, परत लावला, पट्टा कानामागे नीट बसवला. मग आडवी झाली आणि हात मारायला लागली. पायऱ्यांवरचे लोक आता उभे होते. आठव्या लेनला वेळ घेणाऱ्या गृहस्थांनी स्टॉपवॉच बंद केलेलं नव्हतं. ते वाकून भिंतीकडे बघत होते, पाण्याकडे नाही. छोटीचा हात भिंतीला लागला आणि त्यांनी बटण दाबलं.

तिला बाहेर काढल्यावर ती थेट मुख्य पंचांकडे आली. अंगावरून पाणी निथळत होतं. "माझा नंबर आला का?"

"आला," बाई म्हणाल्या. "आठवा."

"आठवा आला!" ती टॉवेल न घेताच पायऱ्यांकडे धावत सुटली. "आई, माझा आठवा आला!"

"धावायचं नाही, फरशी ओली आहे," बाईंनी मागून हाक दिली, आणि पुढच्या तुकडीसाठी शिट्टी ओठांना लावली.